राणी सापडली, खलनायिका हरवली

१७ मे २०२५ रोजी बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या मालिकेच्या एका भागाअखेरीस, श्रेयनामावली सुरू झाल्यानंतर, मिसेस फ्लड नावाच्या शेजारीणबाईंनी आपण कोण आहोत ते सांगून टाकले. या बाई प्रथम दिसल्या त्या २०२३ च्या नाताळच्या भागात. निळ्या खोक्यासारखे दिसणारे नायकाचे कालयान, म्हणजे टार्डिस, त्यांना ओळखता येते, एवढेच तेव्हा कळले होते. त्यानंतर सतरा महिने जगभरचे चाहते 'या बाई कोण' याचा खल करीत राहिले. उत्तर निघाले : राणी. १९८५ साली या मालिकेत अवतरलेली, १९८७ मध्ये एकदा परतलेली आणि पुढे मुख्य कथानकातून नाहीशी झालेली खलनायिका. मालिकेत कोणीही गूढ बाई आली की 'ही राणीच असणार' असे म्हणायचे, हा चाहत्यांचा कैक वर्षांचा विनोद. तो अखेर खरा ठरला आणि टाळ्यांचा गजर झाला.

आमची तक्रार या टाळ्यांविषयी आहे.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो. चाहत्यांनी अटकळी बांधू नयेत असे आमचे म्हणणे नाही. पुढे काय होणार, हा माणूस खरा कोण, असे विचारल्याशिवाय गोष्ट ऐकलीच जात नाही. आमचा आक्षेप निराळा आहे. खलनायकाविषयी दोन प्रश्न विचारता येतात : 'हा कोण?' आणि 'हा असा का?' पहिल्याचे उत्तर एका नावात मिळते. दुसऱ्याचे उत्तर मिळवायला गोष्ट वाचावी लागते, पुन्हा वाचावी लागते, आणि तरीही ते पुरते हाती लागत नाही. गेल्या काही वर्षांत या मालिकेभोवतीची चर्चा पहिल्या प्रश्नाने गिळून टाकली आहे. त्याहून वाईट म्हणजे मालिकेचे कर्तेही आता पहिल्या प्रश्नासाठीच लिहू लागले आहेत, आणि ज्यांना वाचक म्हणावे असे जाणते प्रेक्षकसुद्धा त्यालाच वाचन समजू लागले आहेत.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी चार शब्द. 'डॉक्टर हू' २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली, १९८९ मध्ये थांबली, १९९६ मध्ये एका दूरदर्शनपटापुरती परतली आणि २००५ पासून पुन्हा होऊ लागली. नायक 'डॉक्टर' हा टाइम लॉर्ड या परग्रहवासी जमातीतला. मरू घातला की त्याचा कायापालट होतो, नवा देह, नवा स्वभाव घेऊन तो पुन्हा उभा राहतो. हीच सोय त्याच्या शत्रूंनाही आहे. त्यामुळे या गोष्टीत कोणीही माणूस वेष पालटलेला जुना शत्रू निघू शकतो. अटकळीला याहून सुपीक जमीन सापडणे कठीण. मालिकेच्या नावातच 'कोण?' हा प्रश्न आहे हे खरे. पण त्या प्रश्नाचे उत्तर कर्त्यांनी दशकानुदशके दिले नाही, आणि ते न देण्यातच त्यांचे शहाणपण होते, हेही लक्षात घ्यावे.

अटकळ हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे असे मानणाऱ्या प्राध्यापकवर्गाशीही आमचे पटत नाही. याच चाहत्यांनी साठच्या दशकात दूरदर्शन संचासमोर ध्वनिमुद्रक ठेवून भाग टिपून घेतले. पुढे बीबीसीने चित्रफिती पुसून टाकल्या, आणि आज त्या हरवलेल्या भागांचा आवाज तरी शिल्लक आहे तो या मंडळींमुळे. १९७६ च्या 'द डेडली असॅसिन'मध्ये टाइम लॉर्डला बाराच कायापालट मिळतात असा नियम आला आणि टाइम लॉर्डांचे तेजोवलय उतरवून त्यांना कारस्थानी, खुर्चीला चिकटलेले म्हातारे म्हणून दाखवले गेले. तेव्हा त्याच वर्षी स्थापन झालेल्या चाहत्यांच्या संस्थेच्या अध्यक्षांनी त्यावर कडाडून टीका लिहिली. ती टीका आज आम्हांला चुकीची वाटते, कारण तो भाग मालिकेच्या उत्तम भागांपैकी आहे. पण ती टीका होती, तिला भूमिका होती. १९८६ मध्ये बीबीसीच्याच एका कार्यक्रमात ख्रिस चिबनॉल नावाच्या तरुण चाहत्याने पिप आणि जेन बेकर या लेखक दांपत्याला समोरासमोर त्यांच्या लेखनातले दोष सांगितले. हे बेकर दांपत्य म्हणजे राणीचे जन्मदाते. आणि हा चिबनॉल पुढे २०१८ ते २०२२ या काळात मालिकेचा सूत्रधार झाला. तेव्हा चाहता आणि समीक्षक, चाहता आणि लेखक यांच्यात भिंत होती असे कोणी म्हणू नये. त्या दिवशी तो तरुण 'पुढला खलनायक कोण' असे विचारीत नव्हता. कथानक असे का रचले, असे विचारीत होता.

आता साहित्यशास्त्राच्या अंगाने पाहू. ॲरिस्टॉटलने 'पोएटिक्स'मध्ये ओळख पटण्याच्या प्रसंगांची प्रतवारी लावली आहे. अंगावरचा व्रण, गळ्यातली माळ अशा खुणांवरून पटणारी ओळख त्याने सर्वांत खालच्या पायरीवर ठेवली. घटनांच्या ओघातून, अटळपणे पटणारी ओळख सर्वांत वर. आणि ओळख व दैवाचा पालट एकाच क्षणी घडावेत, 'ईडिपस'मध्ये घडतात तसे, हे त्याला श्रेष्ठ वाटले. आपल्याकडे कालिदासाने नाटकाच्या नावातच 'अभिज्ञान' घातले आणि खूण म्हणून चक्क अंगठी वापरली. पण शकुंतला कोण हे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक असते. विसरलेला असतो तो दुष्यंत. अंगठी सापडते तेव्हा प्रेक्षकाला नवी माहिती मिळत नाही. राजाला मात्र आपण काय केले ते कळते, आणि पुढचा सारा अंक त्या कळण्याचा आहे.

ही फूटपट्टी मास्टर या पात्राला लावून पाहा. जानेवारी १९७१ मध्ये बॅरी लेट्स आणि टेरन्स डिक्स यांनी हा खलनायक मालिकेत आणला : शेरलॉक होम्सला मोरिआर्टी, तसा डॉक्टरला मास्टर. रॉजर डेल्गाडो यांनी तो इतक्या सुसंस्कृत दुष्टपणाने साकारला की त्याचे आणि डॉक्टरचे नाते वैराचे की बिनसलेल्या मैत्रीचे, हा प्रश्न आपोआप उभा राहिला. १९७३ मध्ये तुर्कस्तानात मोटार अपघातात डेल्गाडो गेले आणि त्या नात्याचा नियोजित शेवट कागदावरच राहिला. १९८४ मध्ये 'प्लॅनेट ऑफ फायर'मध्ये ज्वाळांत सापडलेला मास्टर डॉक्टरकडे दयेची याचना करताना 'तुझ्या स्वतःच्याच...' एवढे म्हणतो आणि वाक्य तुटते. स्वतःच्याच कोणावर? चाहत्यांनी ठरवले : भावावर. चाळीस वर्षे हा तर्क फिरतो आहे. २००७ मध्ये मालिकेनेच त्याची थट्टा केली. हा तुझा गुप्त भाऊबिऊ आहे की काय असे मार्था डॉक्टरला विचारते, आणि डॉक्टर तिला सांगतो, तू फार दूरदर्शन पाहतेस. थट्टा योग्यच होती. भाऊ म्हटले की वैराला वंशावळीतले एक घर मिळाले आणि प्रश्न मिटला. ते वाक्य तुटलेले आहे तोवर मात्र एक माणूस दुसऱ्याला डोळ्यांसमोर जळताना पाहत उभा राहतो, हे आपल्याला पाहावे लागते.

मास्टरच्या बाबतीत खुणांचा खेळ जुना आहे. १९८३ च्या 'द किंग्ज डीमन्स'मध्ये वेषांतर केलेला मास्टर ओळखू येऊ नये म्हणून नटाचे नाव 'जेम्स स्टोकर' असे छापले होते. त्यातली रोमन अक्षरे उलटसुलट केली की 'मास्टर्स जोक' असे शब्द तयार होतात. हा निरुपद्रवी खट्याळपणा. २००६ पासून हॅरल्ड सॅक्सन नावाचा राजकारणी मालिकेत डोकावू लागला, तेव्हा चाहत्यांनी 'मिस्टर सॅक्सन' या अक्षरांतून 'मास्टर नंबर सिक्स' काढून दाखवले. तो निव्वळ योगायोग असल्याचे लेखक रसेल टी. डेव्हिस यांनी सांगितले, पण तर्क खरा ठरला. कूट सुटले ते लेखकाने घातलेलेच नव्हते.

परंतु २००७ च्या 'युटोपिया' या भागाकडे पाहा. विश्वाच्या अंतकाळी उरल्यासुरल्या माणसांना वाचवण्यासाठी प्रोफेसर याना नावाचा एक दमलेला, प्रेमळ म्हातारा यान बांधतो आहे. डोक्यात कायम ढोल वाजतात, एवढेच त्याचे दुखणे. त्याच्याजवळ एक जुने खिशातले घड्याळ आहे, ते त्याने कधी उघडलेले नाही. ते उघडते आणि आपण मास्टर आहोत हे त्याला कळते. डेरेक जेकबी या थोर नटाने ते क्षण केवळ डोळ्यांतून दाखवले आहेत. 'याना' या नावाच्या चार रोमन अक्षरांतही खूण दडलेली होती आणि ती ज्यांनी आधी ओळखली त्यांचे काहीही बिघडले नाही. कारण खरा आघात 'हा मास्टर निघाला' यात नाही, 'एक भला माणूस गेला' यात आहे. वर्षानुवर्षे जिने त्याची सेवा केली त्या सहायिकेला तो पहिल्याच मिनिटात मारतो. ओळख आणि पालट येथे एकाच क्षणी येतात, आणि नाव आधी कळले म्हणून त्यातले काही कमी होत नाही.

आमची कसोटी तीच आहे : नाव कळल्यावर काय उरते?

ही कसोटी राणीला लावायची तर आधी मूळ राणी काय होती ते सांगायला हवे. आज तिचे नाव उच्चारणाऱ्या बहुतेकांना तेवढे नावच ठाऊक आहे. 'द मार्क ऑफ द राणी' फेब्रुवारी १९८५ मध्ये दाखवला गेला. स्थळ इंग्लंडच्या उत्तरेतले किलिंगवर्थ हे कोळसाखाणीचे गाव. काळ यंत्रे फोडणाऱ्या लडाइट कामगारांचा. पात्रांत आगगाडीवाला जॉर्ज स्टीफन्सनही आहे. केट ओमारा यांनी केलेली राणी ही जीवरसायनाची शास्त्रज्ञ. खाणीतून काळवंडून आलेले मजूर ज्या न्हाणीघरात अंग धुतात, ते न्हाणीघर ती म्हातारीच्या वेषात चालवते. तेथे त्यांना बेशुद्ध करून त्यांच्या मेंदूतले झोप आणणारे द्रव्य ती काढून घेते. का? तर दुसऱ्या एका ग्रहावर तिची सत्ता आहे, तिच्याच प्रयोगांमुळे तेथल्या रहिवाशांची झोप उडाली आहे आणि त्यांना ताब्यात ठेवायला हे द्रव्य हवे आहे. झोप हरवलेले मजूर पिसाळतात, हाणामाऱ्या करतात, यंत्रे फोडतात, आणि गाव समजते, हे लडाइट माजले आहेत.

जरा थांबून पाहा, ही केवढी कल्पना आहे. श्रमणाऱ्या माणसाची झोप चोरायची, ती दूरच्या वसाहतीचा कारभार नीट चालावा म्हणून वापरायची, आणि चोरीचा जो परिणाम दिसेल त्याला मजुराचा माथेफिरूपणा म्हणायचे. राणीला या माणसांविषयी द्वेष नाही. तिच्या लेखी ती कच्चा माल आहेत. डॉक्टर आणि मास्टर यांच्या जन्मवैराचाही तिला कंटाळा आहे. भाग प्रसारित झाला तेव्हा ब्रिटनमधला खाणकामगारांचा संप, मार्च १९८४ मध्ये सुरू झालेला, शेवटच्या आठवड्यांत होता. लेखकांच्या मनात तो होता असा आमचा दावा नाही, आणि भाग फार सफाईदार आहे असाही नाही. त्यात माणसाचे झाड करणारे सुरुंग आहेत आणि संवाद अनेकदा शब्दबंबाळ आहेत. तरीही खाणमजुरांच्या घामाच्या जागी उभी असलेली ही बाई म्हणजे एक विचार होता. त्या भागाविषयी 'ही असे का करते' हा प्रश्न विचारला की वसाहत, विज्ञान, श्रम ही सारी दारे उघडतात. तिचे नाव आपल्या भाषांतून उचललेले आहे, म्हणून तर मराठी वाचकाने हा प्रश्न अधिकच विचारायला हवा होता : दूरच्या प्रजेवर निर्विकारपणे राज्य करणाऱ्या स्त्रीला ब्रिटिश लेखकांनी हेच नाव का द्यावे? चाळीस वर्षांच्या अटकळीत हा प्रश्न आमच्या तरी कानावर आला नाही. 'ही राणी आहे का' एवढेच ऐकू आले.

२०२५ च्या राणीकडे येण्यापूर्वी २०२४ चा मुक्काम टाळता येणार नाही, कारण तेथे कर्त्यांनी हाच रोग अचूक ओळखला होता. त्या वर्षी एकच बाई निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या किरकोळ भूमिकांत दिसत राहिली. अखेरीस तिचे नाव कळले : सुझन ट्रायड. 'एस. ट्रायड'ची अक्षरे फिरवली की 'टार्डिस' होते. डॉक्टरच्या नातीचे नाव सुझन. चाहत्यांनी हे सारे जुळवले होते; पात्रांनीही पडद्यावर तेच जुळवले, आणि मग कळले की तो सापळा होता. खरा शत्रू निघाला १९७५ च्या 'पिरॅमिड्स ऑफ मार्स'मधला सुटेख हा मृत्युदेव. त्याच कथेत रूबी या मुलीची, तिला चर्चच्या दाराशी सोडून गेलेली आई कोण, हेही कोडे होते. विश्वातली जीवसृष्टी धुळीस मिळवणारा सुटेख रूबीला मात्र जिवंत ठेवतो, कारण तिची आई कोण हे त्यालाही कळलेले नसते आणि ते कळल्यावाचून त्याला राहवत नाही. सर्वसंहारक देव आणि त्याची दुर्बळ जागा कोणती, तर अटकळ! आई निघते ती अगदी साधी बाई, पंधराव्या वर्षी भांबावून मूल सोडून गेलेली. ती महत्त्वाची वाटली कारण सर्वांनी तिला महत्त्वाची मानले, असे कथा सांगते.

या उत्तराने पुष्कळ प्रेक्षक चिडले. त्यांचा राग काही अंशी रास्त होता : काळ्या झग्यातली, बोट रोखून दाखवणारी आकृती, अकारण पडणारा बर्फ, असे इतके अद्भुत संकेत पेरल्यावर साध्या उत्तराला जागा उरत नाही. तरीही गेल्या काही वर्षांत अटकळबाजीला मालिकेने दिलेले ते एकमेव प्रामाणिक उत्तर होते, असे आम्ही मानतो. टाकून दिलेल्या मुलीला आई हवी असते. ती कोणी देवता असण्याची तिला गरज नसते. रूबी आईला उपाहारगृहात भेटते तो प्रसंग संपूर्ण मालिकेच्या त्या पर्वात सर्वांत खरा आहे, आणि त्यात एकही जुने नाव नाही.

मग एका वर्षाने त्याच लेखकाने मिसेस फ्लडना राणी केले. अनिता डॉब्सन यांच्या देहातून दुसरी राणी निघाली, तिची भूमिका आर्ची पंजाबी यांनी केली. राणी हे नाव धारण करणाऱ्या पात्राला प्रथमच भारतीय वंशाची अभिनेत्री मिळाली. काय काय करता आले असते! करायला साहित्यही होते. टाइम लॉर्डांची जमात वांझ झाली आहे, त्यांचा आदिपुरुष ओमेगा याला परत आणून त्याच्या देहातून वंश पुन्हा उभा करायचा, असा राणीचा बेत. डॉक्टर तिला एक बालिका दाखवतो, तर मानवी रक्ताची भेसळ म्हणून ती तिला झिडकारते. रक्तशुद्धीचे वेड, वंशाचा अहंकार, आणि तो बोलून दाखवणारी ही अभिनेत्री : येथे एक खलनायिका जन्माला येत होती. पण कथेला वेळ नव्हता. राणीनंतर लगेच ओमेगाचे नाव उलगडायचे होते. तो १९७२-७३ च्या 'द थ्री डॉक्टर्स'मधला, एकाकी, देह हरवलेला, आपल्या लोकांनी विसरलेला शोकात्म पुरुष. येथे तो सांगाड्यासारखा अवाढव्य राक्षस होऊन येतो, राणीला खाऊन टाकतो आणि मिनिटांत हाकलला जातो. दोन नावे उलगडली, दोन्ही वाया गेली. सतरा महिने जिच्याविषयी तर्क लढवले ती बाई ओळख पटल्यापासून दोन भागांत संपली, कारण तिच्याजवळ ओळखीपलीकडे काही ठेवलेलेच नव्हते.

कोणी म्हणेल, दोष लेखकाचा आहे, चाहत्यांवर का घसरता? लेखकाचा दोष आहेच. पण हे लेखक आकाशातून पडलेले नाहीत. २००५ पासूनचे तिन्ही प्रमुख सूत्रधार याच चाहत्यांतून आले. २०२० च्या 'द टाइमलेस चिल्ड्रेन'मध्ये चिबनॉल यांनी डॉक्टरचे मूळच उघड केले. १९७६ च्या 'द ब्रेन ऑफ मॉर्बियस'मध्ये दिसलेले काही अनोळखी चेहरे डॉक्टरचे पूर्वावतार होते की नाही, यावर चाहते चव्वेचाळीस वर्षे भांडत होते. त्याचा निकालही त्यातच लागला. त्या कथेत मास्टर आपली मातृभूमी बेचिराख करतो. का? तर डॉक्टर खरी कोण हे त्याला कळले म्हणून. एका संपूर्ण जमातीच्या संहाराचे 'का' हे दुसऱ्या कोणाच्या तरी 'कोण'चे परिशिष्ट झाले. १९८६ साली लेखकांना जाब विचारणारा तो तरुण येथे असता तर त्याने नेमके यावरच बोट ठेवले असते.

अटकळीची उंच बाजूही सांगितली पाहिजे, एरवी आमचे म्हणणे एकांगी होईल. २०१४ मध्ये मास्टर स्त्रीदेहात, मिसी या नावाने आला. मिशेल गोमेझ यांनी ती भूमिका केली. २०१७ मध्ये डॉक्टर तिला कोठडीत ठेवून सुधारू पाहतो. त्या पर्वाच्या शेवटी मिसीची गाठ आपल्याच पूर्वीच्या रूपाशी पडते. ती ठरवते की आपण डॉक्टरच्या बाजूने उभे राहायचे. त्या पूर्वरूपाला ती सुरा मारते आणि तो पाठमोऱ्या तिला गोळी घालतो. ती डॉक्टरपर्यंत पोहोचत नाही. ती बदलली हे डॉक्टरला कधीच कळत नाही. कळते ते केवळ प्रेक्षकाला. पुढे २०२० मध्ये साशा धवन या भारतीय वंशाच्या नटाचा मास्टर आला, पूर्वीपेक्षा क्रूर, आणि चाहत्यांत वाद पेटला : हा मिसीच्या नंतरचा की आधीचा? वरवर पाहता हा वेळापत्रकाचा वाद. पण 'आधीचा' म्हणणाऱ्यांचे युक्तिवाद नीट ऐकले तर आत दुसरेच काही चाललेले दिसते. एकदा भलेपणा निवडलेला माणूस पुन्हा घसरतो, हे त्यांना सोसत नव्हते. मिसीचे मरण वाया जाऊ नये म्हणून ते काळच उलटा लावून पाहत होते. ही अटकळ नैतिक आहे. ती चुकली तरी चालते, कारण तिच्यात 'का'चा जीव आहे.

आणि त्याच 'स्पायफॉल' या कथेत दुसरे एक दृश्य आहे. १९४३ च्या पॅरिसमध्ये मास्टर नाझी अधिकारी म्हणून वावरतो. इतरांना आपली कातडी दिसू नये यासाठी त्याने एक भूल टाकणारे यंत्र वापरलेले असते. डॉक्टर ते निकामी करते आणि तपकिरी कातडीच्या त्या माणसाला नाझींच्या तावडीत सोडून जाते. नायिकेने असे का केले? लेखकाला हे उमगले होते का? काही समीक्षकांनी हा प्रश्न लावून धरला. परंतु बहुतेकांच्या गप्पा 'आधीचा की नंतरचा' यातच रंगल्या. नावाच्या आणि क्रमाच्या नादात डोळ्यांसमोरचे कसे निसटते, याला याहून स्पष्ट उदाहरण आम्हांला सापडत नाही.

'अहो, मुलांसाठी सुरू झालेली करमणुकीची मालिका, तिच्यावर एवढे ओझे कशाला?' हा आक्षेप आम्ही ऐकला आहे. मुलांचेच घ्या. लहान मूल गोष्टीतल्या राक्षसाविषयी 'त्याचे खरे नाव काय' असे क्वचितच विचारते. 'त्याने तिला का पळवले? त्याला आई नव्हती का?' असे विचारते. नावांची यादी पाठ करून तिच्यातून उत्तर काढायची सवय पुढे लागते. आमच्यापैकी काही जण साहित्य शिकवतात. कादंबरी संपवून आलेला विद्यार्थी हल्ली पुष्कळदा सांगतो, 'शेवट मी आधीच ओळखला होता.' त्याच्या चेहऱ्यावर परीक्षा संपल्याचा आनंद असतो. त्याला आम्ही विचारतो, 'बरे, ओळखलेस. मग तो तसा का वागला?' यावर तो गप्प होतो, आणि बहुधा पुस्तक पुन्हा उघडतो. आमचा वर्ग तेथून सुरू होतो.

मिसेस फ्लड निसटल्या आहेत. कथेत त्यांचा मृत्यू झालेला नाही. त्या परततील तेव्हा त्या कोण हे सर्वांना माहीत असेल, अटकळीला जागा नसेल. आम्हांला ती संधी वाटते. किलिंगवर्थच्या न्हाणीघरात मजुरांची झोप चोरणारी ती बाई आज असती तर कोणाची झोप चोरत असती आणि कोणासाठी, एवढे जरी कोणी विचारून लिहिले, तरी तिचे नाव सापडल्याचे काही चीज होईल.